डोंगरमाथ्यावरचं पातेलं

फिदेला तातेलला सगळ्यांत आधी कोण हसलं, तर मी. उगाच दुसऱ्याच्या नावावर कशाला खपवू?

मी इस्को. बत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर रेडिओ सांभाळला आणि म्हातारपणी बेटावर परत आलो. त्यामुळे रेडिओतलं कळतं ते मला, बाकी सगळे लुडबुडे, असं माझं मत होतं आणि ते मी मनात ठेवत नसे. आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात तेरा माणसं, त्यांत बाई एकच, ही फिदेला. धक्क्याजवळ तिचं दुरुस्तीचं दुकान. पंखे, भाताचे कुकर, आणि कुणाचा वाढदिवस असला की सबंध गल्लीचे कान किटवणारी ती गाण्याची यंत्रं, सगळं तिच्याकडे यायचं. शिक्षण जेमतेम हायस्कूल. पण बंद पडलेली वस्तू हातात घेतली की ती चालू होईपर्यंत बाई घास घ्यायची नाही.

तर ही एका सोमवारी मंडळाच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "मी रिपीटर बांधणार आहे. पाठीवर घेऊन डोंगर चढता येईल असा."

"अगं, रिपीटर म्हणजे काय कांद्याची पिशवी आहे का?" मी म्हणालो. सगळे खो खो हसले.

ती हसली नाही. आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला मानोय म्हणतात आणि बाईला मानाय. "बारा किलो, मानोय इस्को. त्याच्यावर एक तोळा नाही. बारा किलो मी वर नेऊ शकते, नेऊन बघितलंय."

आणि बाईने खरंच नेऊन बघितलं होतं. पंधरा किलो तांदूळ पाठीला बांधून निघाली, तर अर्ध्या वाटेत डाव्या खांद्याने जबाब दिला. मग बारा किलो घेऊन गेली, ते माथ्यापर्यंत पोचले. म्हणून बारा.

"चार गडी लावू की उचलायला," आमचे कप्तान रुफो म्हणाले. कप्तान म्हणजे वस्तीचा निवडून दिलेला मुख्य. माणूस चांगला, पण बोलायला लागला की थांबायचं बटण देवाने दिलेलं नाही.

"कधी लावणार, कप्तान? वादळ गेल्यावर?" फिदेलाने विचारलं. "वादळ गेल्यावर तुम्ही कुठे असता? आपल्या छपरावर. हे मानोय कुठे असतात? आपल्या छपरावर. ज्याचा त्याचा पत्रा उडालेला असतो. मला चार गडी मिळणार नाहीत. एक मिळेल, आणि ती मी असेन."

आणि ते खरं होतं.

हे सगळं कशापायी चाललं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमचं गाव डोंगराच्या अलीकडे, तिनागो पलीकडे. मधल्या कण्यावरून पायवाटेने तीन तास, भूशिराला वळसा घालून होडीने दीड. मोबाइलचा मनोरा आमच्या बाजूला, आणि वादळात सगळ्यांत आधी तोच आडवा होतो. फिदेलाची धाकटी बहीण रेमेदियोस तिनागोत दिलेली. नवरा बेर्नाबे, आबाकाचे, म्हणजे दोराच्या केळीचे, सोट सोलून दोर काढणारा, घट्ट मनगटाचा आणि त्याहून घट्ट डोक्याचा. फिदेलाने त्याला परीक्षेला बसवलं, परवाना काढून दिला, आपल्याकडचा एक वॉकीटॉकी दिला आणि सांगितलं, "काही लागलं तर हाक मार. माझा कायम चालू असतो."

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात रेमेदियोस अडली. नववा महिना होता. बेर्नाबेने दोन तास हाका मारल्या. फिदेलाचा रेडिओ तिच्या टेबलावर चालू होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती. तिसऱ्या दिवशी तिनागोची होडी आली तेव्हा बातमीच आली. आई गेली, पोटातलं मूल गेलं. मागे राहिला बेर्नाबे आणि सात वर्षांची इमे.

"तुझा चालू होता ना?" बेर्नाबेने दफनाच्या वेळी, सगळ्यांसमोर विचारलं. "ऐकलंस आणि आली नाहीस. वादळाला घाबरलीस." त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिने भाचीसाठी पाठवलेले कपडे त्याच होडीने परत यायचे.

फिदेलाने कधी त्याला उलट उत्तर दिलं नाही. मला एकदा म्हणाली, "मानोय, मी तो रेडिओ तिनागोच्या किनाऱ्यावरून तपासला होता. तिथून समुद्र उघडा आहे, आवाज वळसा घालून येतो. त्याच्या घरातून नाही तपासला. घर डोंगराच्या कुशीत आहे. दहा पावलं जास्त चालायची होती. नाही चालले." हे सांगताना तिचे हात पंखा खोलत होते, ते थांबले नाहीत.

आता रिपीटर म्हणजे काय, तर डोंगरावर बसवलेला निरोप्या. एका बाजूचं बारीक बोलणं कानाने टिपायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या तोंडाने मोठ्याने सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. मेख अशी, की हा निरोप्या स्वतः ओरडतो तेव्हा त्याचाच कान बधिर होतो. म्हणून मधे एक चाळणी लागते, जी त्याचा स्वतःचा आवाज अडवते आणि दुसऱ्याचा आत सोडते. शहरात ही चाळणी कपाटाएवढी असते. फिदेलाने बंद पडलेल्या एका टॅक्सी कंपनीच्या भंगारातून विटेएवढी आणवली, आणि तिचे सहा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत अकरा दिवस बसली. मी रोज सकाळी कॉफी प्यायला जायचो आणि विचारायचो, "ऐकू येतंय का तुझ्या बहिऱ्याला?" ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरं येतंय."

बाराव्या दिवशी ऐकू आलं.

मग पेटीचा घोळ. पाऊस आत जाता कामा नये म्हणून कप्तानांनी मासळीवाल्यांची बर्फाची पेटी सुचवली. झकास हलकी, पाणी शिरत नाही. तासाभरात आतले रेडिओ इतके तापले की वास सुटला. बर्फाच्या पेटीतून गारवा बाहेर जात नाही, तशी उष्णताही जात नाही, हे तेरा शहाण्यांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. फिदेला तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेली आणि जत्रेच्या जेवणावळीतलं भाताचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन आली. उष्णता बाहेर टाकतं, बाहेरची खरखर आत येऊ देत नाही, झाकणाला रबराची कड लावली की पाणीही नाही. दोन रेडिओ, चाळणी आणि पथदिव्यातल्या सौरबॅटरीचे सेल, सगळं त्यात बसलं. मासळीबाजारातल्या काट्यावर ठेवलं तर अकरा किलो आठशे.

"दोनशे ग्रॅम उरले," ती म्हणाली. "सुकी मासळी नेईन बरोबर."

गावाला तर चघळायला विषयच मिळाला. येता-जाता जो तो दुकानाच्या दारातून ओरडायचा, "मानाय फिदेला, भात शिजला का?" ती म्हणायची, "पाणी घातलंय, थांब."

पहिली चाचणी तिने गावच्या चर्चच्या मनोऱ्यावर घेतली, आणि बॅटरी तिच्या हिशेबाच्या निम्म्या वेळात झोपली. दोष पातेल्याचा नव्हता, आमचा होता. आमच्याकडे रेडिओवर कुणी थेट मुद्द्याला हात घालत नाही. आधी सगळ्यांना सुप्रभात. मग एकेकाला नावाने सुप्रभात. मग बायकोची तब्येत, डुकरीला पिल्लं किती झाली, मग आभार, मग देवाची कृपा. एवढं झाल्यावर, "मला ऐकू येतंय का?" निरोप्या बिचारा एवढं सगळं मोठ्याने ओरडून दमला. फिदेलाने कुणाला न सांगता रातोरात पातेल्याला वेळेचा लगाम लावला. दुसऱ्या दिवशी कप्तान भाषणाच्या भरात असताना तिसाव्या सेकंदाला पातेल्याने त्यांचं तोंड बंद केलं.

"हे काय? मला अजून रेमिहिओच्या सासूला नमस्कार करायचा आहे!" कप्तान धावतच दुकानात आले.

"समोर जाऊन करा. तिसरंच घर आहे."

"अगं, पण रीत काही आहे की नाही?"

"आहे ना, कप्तान. तीस सेकंदांत बसेल तेवढी."

खरी परीक्षा ऑक्टोबरातल्या एका शनिवारी होती. पातेलं माथ्यावर फिदेला नेणार, कप्तान गावात राहणार, आणि मी माझा वॉकीटॉकी घेऊन होडीने तिनागोला जाणार. अँटेना बांधायला बांबू लागणार, तो मीच तोडून वर पोचवला. ताजा, हिरवागार, मनगटाएवढा जाड. सांगायला अभिमान वाटत होता.

तिनागोत मी बेर्नाबेच्या अंगणातच उभा राहिलो, कारण फिदेलाचा तसा हट्ट होता. "त्याच्या घरातून, मानोय. किनाऱ्यावरून नाही. बाजूच्या घरातूनही नाही." बेर्नाबे ओसरीवर दोर वळत होता. त्याने मला पाणी दिलं, उकडलेलं केळं दिलं, पाहुणचारात खोट नाही. आत भिंतीवर रेमेदियोसचा फोटो, आणि खाली खिळ्याला तो वॉकीटॉकी टांगलेला. बंद. पण वर धुळीचा कण नाही.

ठरल्या वेळी मी बटण दाबून हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. एकदा फिदेलाचा अर्धा शब्द फुटला आणि विझला. मी अर्धा तास घसा कोरडा करून घेतला. पाच वर्षांचं पोर रडावं तसा तो रेडिओ मधूनच कुरकुरायचा आणि गप्प व्हायचा.

बेर्नाबे दोर वळता वळता म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी पातेलं नव्हतं, तरी रेडिओ चालू होता म्हणे. आता पातेलं चढवलंय तरी ऐकू येत नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात."

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" मी उसळलो. "ती बाई अकरा किलो पाठीवर घेऊन वर उभी आहे!"

"उभी राहू दे," तो म्हणाला. "माझी बाई आडवी आहे."

मी होडीत येऊन बसलो.

हे मी फिदेलाला सांगणार नव्हतो, पण मला पोटात ठेवता येत नाही, सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. डोळे भरले, पुसले. मग म्हणाली, "दुकानात चालतं, चर्चवर चालतं, डोंगरावर चालत नाही. म्हणजे डोंगरावर काहीतरी वेगळं आहे. उद्या पुन्हा चढायचं."

"अगं, माझे गुडघे!"

"गुडघे घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी मी कण्हत कण्हत तिच्यामागून चढलो. तिने मोजायचं यंत्र लावलं. अँटेनाने बाहेर फेकायची ती ताकद अर्धीअधिक उलटी परत येत होती. तशी ती परत आली की चाळणीचा तोल जातो आणि कान बधिर होतो. तिने तार बदलली, जोड बदलले, सगळं उलटंपालटं केलं. काटा ढिम्म. दुपार झाली. मी म्हणालो, "सोड आता. काही गोष्टी आपल्या नशिबात नसतात."

"तुमच्या नसतील," ती म्हणाली आणि बांबूला टेकून बसली. बसल्या बसल्या तिने नखाने बांबू खरवडला. मग माझ्याकडे वळून बघितलं. "मानोय, हा कधी तोडलात?"

"परवा पहाटे! एकदम ताजा. वाळका बांबू वाऱ्यात काडकन मोडतो, शेंबडं पोरही सांगेल."

आमच्या बेटावर उभं करायचं ते सगळं हिरव्या बांबूचं. आजा तसं करत होता, बाप करत होता. फिदेलाने कोयता घेऊन एका पेराला खाच पाडली. बोट लावलं, ते ओलं झालं. तेच ओलं बोट तिने माझ्या नाकासमोर धरलं.

"दुकानात मी अँटेना कपडे वाळत घालायच्या वाळक्या काठीला बांधते. चर्चवर तर लाकडी क्रूसाला बांधली होती. इथे तुम्ही ती बांबूला नाही, पाण्याच्या पिंपाला बांधलीत!"

मी बत्तीस वर्षं रेडिओवाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मीही हट्टी. म्हणालो, "तरी वाळका मोडेल."

"मोडेल ना. तुमचंही बरोबर आहे." आणि ती तिथेच पातेल्याच्या झाकणावर कोळशाने आकृती काढायला लागली. बांबू हिरवाच ठेवायचा, पण अँटेना त्याला चिकटवायची नाही. नळाच्या प्लॅस्टिक पाइपात घालायची आणि तो पाइप बांबूच्या टोकाच्या वर, सुटा, हातभर उंच राहील असा बांधायचा. आठ दिवसांनी मी पुन्हा तिनागोत बेर्नाबेच्या अंगणात उभा राहिलो, आणि माथ्यापलीकडून कप्तानांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आला. तीस सेकंद.

बेर्नाबे उठून आत गेला. खिळ्यावरचा रेडिओ त्याने काही काढला नाही.

मी परत येऊन चिडचिड केली. "चालतंय, तर तो गाढव चालूच करत नाही! मग कशाला मरमर?"

"त्याने चालू करावा म्हणून नाही बांधलं, मानोय. त्याला हाक मारावीशी वाटली तर ती वाटेत मरू नये, म्हणून बांधलंय." एवढं बोलून ती एका पंख्याकडे वळली.

नोव्हेंबरात पाचांपैकी चार नंबरचा वादळी इशारा लागला. वादळ दिवसाउजेडी आलं, दुपारभर बेट पिंजून काढलं आणि संध्याकाळी समुद्रावर गेलं. आम्ही सगळे शाळेत होतो. उजाडल्यावर बाहेर आलो तर मोबाइलचा मनोरा भातशेतात झोपलेला, माझं अर्धं छप्पर शेजाऱ्याच्या अंगणात, आणि फिदेलाच्या दुकानाला तर छप्परच नाही. पंखे, कुकर चिखलात. तिने तिकडे एकदा बघितलं. पातेलं तिने शाळेत आपल्या उशाशी ठेवलं होतं, ते पाठीला बांधलं.

"अगं, निदान घर तरी आवर," मी म्हणालो.

"घर कुठे जातंय? जायचं ते गेलं." कोयता घेतला, जास्तीची बॅटरी घ्यायची म्हणून सुकी मासळी काढून ठेवली आणि निघाली. ती म्हणाली होती तसंच झालं. चार गडी मिळाले नाहीत. ज्याचं त्याचं छप्पर.

एरवी माथ्यापर्यंत दीड तासाची वाट, त्या दिवशी पाच तास लागले. पडलेली झाडं, सुटलेली माती. मी आरोग्य केंद्राच्या पायऱ्यांवर वॉकीटॉकी घेऊन बसलो, शेजारी आमची सुईण कोनसिंग. पट्टी बांधण्यापासून टाके घालण्यापर्यंत सगळं तीच करते. बारा वाजायला आले आणि रेडिओ बोलला.

"मानोय, पातेलं चढलं. बांबू कातळाखाली बांधून ठेवला होता, जसाच्या तसा आहे. ऐकू येतंय?"

"येतंय गं, येतंय!" माझा आवाज चिरकला, लाज वाटली नाही.

तिने तिनागोला हाक मारली. उत्तर नाही. दर पाच मिनिटांनी मारत राहिली. एकाच शब्दात, "तिनागो." अर्धा तास झाला, पाऊण झाला. मी मनातल्या मनात त्या बेर्नाबेला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. मग एकदम खटकन आवाज झाला.

"कुणी आहे का? मी बेर्नाबे. कुणीतरी बोला."

"बोल," फिदेला वरून म्हणाली. "काय झालं?"

"इमे. छपराचा पत्रा पडला, मांडी कापली. रक्त थांबत नाही. पोर पांढरी पडलीय."

मी वॉकीटॉकी कोनसिंगच्या हातात दिला. ती बाई खणखणीत. "बेर्नाबे, मी कोनसिंग. रडायचं नंतर. स्वच्छ कापडाची घडी कर. जखमेवर ठेव. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाब. पाय उंच ठेव. काढून बघायचं नाही, कळलं?" कप्तान तोवर मोठी होडी पाण्यात लोटायला धावले होते. छपराचं नाव त्यांनी काढलं नाही, हे त्यांच्याबाबतीत सांगितलंच पाहिजे. समुद्र अजून खवळलेला. होडी निघायलाच तास लागणार आणि पोचायला दोन. तोवर त्या मुलीच्या जिवाला आधार म्हणजे बापाचे दोन हात आणि कोनसिंगचा आवाज.

कोनसिंग बोलत राहिली, बेर्नाबे सांगत राहिला. मधेच फिदेलाचा आवाज आला. "बॅटरी उतरली. बदलावी लागेल. पाच मिनिटं सगळं बंद राहील. बेर्नाबे, दाबून धर. कुठेही जाणार नाही मी."

आणि रेडिओत खरखर सुरू झाली.

वर काय झालं ते तिने नंतर सांगितलं. हात चिखलाने माखलेले, झाकणाचा एक खटका वाकलेला, तो दगडाने ठोकून सरळ करावा लागला. पाच मिनिटांची नऊ झाली. खाली मी आणि कोनसिंग त्या खरखरीकडे बघत बसलो होतो. कोनसिंग जपमाळ ओढत होती. मी घड्याळाला शिव्या देत होतो.

खटका लागला आणि बेर्नाबेचा आवाज मधूनच, वाक्याच्या मधूनच सुरू झाला. "... परत सुटलंय, कापड भिजलं, काय करू सांगा, कुणी सांगा की रे!"

"काढू नकोस!" कोनसिंग ओरडली. "पहिलं कापड तसंच ठेव, त्याच्यावर दुसरं ठेव. आणि दाब. आणखी जोरात. ती ओरडेल, ओरडू दे."

मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "थांबलं. थांबलंय बहुतेक. पाणी मागतेय."

"ओठ ओले कर फक्त," कोनसिंग म्हणाली, आणि पिशवी उचलून धक्क्याकडे पळाली. होडी सुटल्याचं मी रेडिओवर सांगितलं. वर फिदेला एकटी, पलीकडे बेर्नाबे, इकडे मी.

"मानोय इस्को," बेर्नाबेने हाक मारली. "ती बॅटरी बदलत होती तेव्हा मी बोलत होतो. सारखा बोलत होतो. किंचाळलो. तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही रे बाबा. एक अक्षर नाही. नुसती खरखर."

"पण माझा चालू होता. तुमचाही चालू होता."

"दोन्ही चालू होते. मधे डोंगर होता."

रेडिओचं बटण त्याने दाबूनच धरलं होतं, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाला, "म्हणजे रेमेच्या वेळी असंच होतं."

याचं उत्तर माझं नव्हतं.

"असंच होतं, बेर्नाबे," फिदेला म्हणाली. शब्द एकेक करून स्पष्ट आले. "रेडिओ माझ्या समोर होता. मी त्याच्याकडे बघत बसले होते. तुझ्या घरातून पोचतं का, ते मी कधी तपासलंच नव्हतं. ती चूक माझी. पण ऐकून बसून राहिले नाही रे. ऐकूच आलं नाही."

गावात ज्यांच्या ज्यांच्याकडे वॉकीटॉकी होता ते सगळे आपापल्या मोडक्या छपराखाली हे ऐकत होते. एकानेही बटण दाबलं नाही. कप्तानांनीही नाही.

"तू किती वाजता खाली उतरणार?" बेर्नाबेने विचारलं.

"होडी तुझ्याकडे पोचली, कोनसिंगने पोरीला बघितलं, की मग."

"मग गावाकडे नको उतरू, मानाय. वाट खचली असेल." वाट दोन्हीकडची सारखीच खचलेली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. "आमच्या बाजूने उतर. रताळी उकडून ठेवतो. इमे तुझ्याबद्दल विचारतेय."